छायाचित्रातला कैलास

पाठ्यपुस्तकात, दिनदर्शिकेवर किंवा पर्यटनाच्या माहितीपत्रकावर वेरूळच्या कैलास लेण्याचे जे चित्र हमखास दिसते, ते टेकडीवरून खाली पाहत घेतलेले असते. खडकात खोदलेला खोल चौक, मधोमध शिखर, आणि मंडपाच्या छतावर कोरलेले कमळ व चार सिंह. जालन्याहून नव्वदेक किलोमीटरचा प्रवास करून सहलीची मुले लेण्याच्या दारात उभी राहतात, तेव्हा यातले काहीच त्यांना दिसत नाही. समोर असते ती दुमजली गोपुराची पश्चिमेकडे तोंड केलेली भिंत. आत गेले तरी मान वर करून शिखराचा तुकडाच दिसतो. कमळ आणि सिंह तर खालून दिसणे शक्यच नाही. मग एखादा मुलगा विचारतो, “सर, पुस्तकातले लेणे कुठे आहे?”

प्रश्न चुकीचा नाही. पुस्तकातले लेणे म्हणजे कुणीतरी एका ठरावीक जागी, ठरावीक वेळी कॅमेरा ठेवून घेतलेला निर्णय आहे. त्या निर्णयांचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्यात कलेइतकाच वाटा रसायनशास्त्राचा व प्रकाशशास्त्राचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कैलासाला आपण मंदिर म्हणतो, पण ते बांधलेले नाही. दगडावर दगड रचून ते उभे केलेले नसून, डोंगरातून नको तेवढा दगड काढून टाकून ते मोकळे केले आहे. म्हणजे रीतीने पाहिले तर ते उघड्या आकाशाखालचे एक प्रचंड शिल्पच आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (सुमारे इ. स. ७५६ ते ७७३) याच्याशी त्याची निर्मिती जोडली जाते. चौकाची लांबी २७६ फूट, रुंदी १५४ फूट आणि मागच्या कड्याची उंची १०७ फूट, म्हणजे साधारण ८४, ४७ आणि ३३ मीटर. काम वरून खाली होत गेले. तेव्हा टेकडीवरून दिसणारे दृश्य, जे आज आपल्याला ‘छायाचित्रकाराचे’ वाटते, ते खरे तर सर्वांत आधी पाथरवटांनी पाहिले. दारातून दिसणारे दृश्य सर्वांत शेवटी तयार झाले.

कॅमेऱ्यापूर्वी हे काम चित्रकार करीत. पुण्याच्या पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९०च्या दशकात वेरूळची चित्रे काढली. लेण्यांची पाश्चात्त्य धर्तीवर चित्रे काढणाऱ्या पहिल्या काही लोकांत हा मराठी माणूस आहे, आणि आपल्या चित्रकलेच्या तासाला त्याचे नाव क्वचितच निघते. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने काढलेल्या वेरूळच्या चित्रांवरून टॉमस डॅनियल याने १८०३ साली लंडनमध्ये मुद्राचित्रांचा संच प्रसिद्ध केला. पुढे वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन भारतात फिरला तो ‘कॅमेरा ल्युसिडा’ घेऊन. नाव कॅमेरा असले तरी त्यात छायाचित्र उमटत नाही. एका छोट्या लोलकामुळे समोरचे दृश्य कागदावर पडल्यासारखे दिसते आणि हाताने ते गिरवायचे. हात माणसाचाच, त्यामुळे जे महत्त्वाचे वाटले तेच उतरते.

फर्ग्युसनने १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला आणि ही चित्रे-शिल्पे नष्ट होण्याआधी त्यांची नोंद करावी असा आग्रह धरला. त्यातून मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याची अजिंठ्यास नेमणूक झाली. हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि जालन्याला मद्रास सैन्याची छावणी होती, तेव्हा अजिंठा-वेरूळच्या वाटेवर या सैन्याचे अधिकारी दिसणे नवलाचे नव्हते. गिलने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलरंगातील प्रतिकृती केल्या. वर्षानुवर्षांचे ते काम लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेले असताना डिसेंबर १८६६ मधील आगीत बहुतेक जळून गेले.

पण १८५०च्या दशकातच गिलच्या हाती कॅमेरा आला होता. १८६४ साली लंडनमध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह ‘भारतातील शैलमंदिरे’ या विषयावरचे पुस्तक निघाले. त्यात गिलने अजिंठा व वेरूळ येथे जागेवर घेतलेली ७४ छायाचित्रे होती. त्याच वर्षी त्याच्या शंभर त्रिमित छायाचित्रांचेही एक पुस्तक आले. रंगचित्र एकच असते. जळले की संपले. छायाचित्राची निगेटिव्ह काच एक आणि कागदी प्रती अनेक. गिलच्या बाबतीत ज्या कामाला त्या काळी कमी प्रतिष्ठा होती, तेच टिकले.

त्या काळी छायाचित्र घेणे म्हणजे काय होते, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली आणि १८६०च्या सुमारास भारतातील बहुतेक छायाचित्रकार तीच वापरत. स्फोटक कापूस ईथर आणि अल्कोहोलात विरघळवून जो चिकट द्राव होतो, त्याला कलोडियन म्हणतात. त्यात आयोडाइड किंवा ब्रोमाइडचे क्षार मिसळून तो काचेवर सारखा पसरायचा. मग अंधारात ही काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. पापुद्र्यात सिल्व्हर आयोडाइड तयार होते आणि काच प्रकाशाला संवेदनशील बनते. आता ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, भिंगावरची टोपी काही सेकंद काढायची, आणि लगेच अंधाऱ्या तंबूत जाऊन फेरस सल्फेटने चित्र उमटवायचे. पापुद्रा वाळला की सारे वाया. ईथर किती झटपट उडते हे रसायनशास्त्राच्या शिक्षकांना सांगायला नको, आणि मराठवाड्यातले ऊनही त्यांना माहीत आहे. कॅमेरा, तिपाई, काचा, औषधे, पाणी आणि तंबू एवढे सगळे कॅमेऱ्यापासून दहा मिनिटांच्या आत असायला हवे. तेव्हा ‘कोठून फोटो घ्यावा’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर ‘तंबू कोठे मारता येईल’ हेच होते.

या काचेचा आणखी एक गुण होता. तिला निळा आणि अतिनील प्रकाश दिसे; हिरवा जेमतेम, आणि लाल जवळजवळ नाहीच. त्यामुळे जुन्या छायाचित्रांतले आकाश कोरे पांढरे असते. ढग असले तरी दिसत नाहीत. कैलासाच्या बाबतीत मात्र यातून एक गमतीची गोष्ट घडते. चौकाच्या तिन्ही बाजूंना उंच कडे आहेत, त्यामुळे बराचसा भाग सावलीत असतो. पण सावली म्हणजे काळोख नव्हे. तेथे वरून आकाशाचा प्रकाश येतो आणि तो निळसर असतो. म्हणजे डोळ्याला जो कोपरा अंधारा वाटतो, तो त्या काचेला आपल्यापेक्षा अधिक उजळ वाटणार. उलट उन्हात तापलेल्या तांबूस-तपकिरी दगडावरून परतून येणारा उबदार प्रकाश, जो आपल्या डोळ्यांना इतका सुखावतो, त्याची काचेला फारशी दादच नाही. त्या काळच्या छायाचित्रांत सावलीतले शिल्प आश्चर्यकारक स्पष्ट दिसते आणि तपकिरी डाग काळेकुट्ट दिसतात, याचे श्रेय छायाचित्रकाराच्या कौशल्याइतकेच सिल्व्हर आयोडाइडलाही द्यावे लागेल.

आणि येथेच एक फसगत झाली. कैलासाला जुन्या काळी ‘रंगमहाल’ असेही म्हणत. बर्जेससारख्या पुरातत्त्वज्ञांनी एकोणिसाव्या शतकात हे नाव नोंदवले आहे. दगडावर चुन्याचा गिलावा आणि त्यावर रंगकाम होते. त्याचे अवशेष आजही काही ठिकाणी, विशेषतः आडोशाच्या छतांवर, दिसतात. पण कृष्णधवल छायाचित्राला रंग सांगता येत नाही. गिलाव्याचे उरलेले तुकडे त्यात नुसते पांढरे ठिपके होतात, जणू दगडाला लागलेला कोड. चार पिढ्यांनी पुस्तकात काळाभोर, उघडा, गंभीर कैलास पाहिला, आणि आपल्या प्राचीन शिल्पांचे सौंदर्य म्हणजे उघड्या दगडाचे सौंदर्य अशी समजूत पक्की झाली. ग्रीक पुतळ्यांच्या बाबतीतही हेच झाले. तेही रंगवलेले होते आणि आपण त्यांना पांढरेशुभ्र समजत आलो. छायाचित्र खोटे बोलत नाही हे वाक्य शाळेत कोणी म्हटले, तर मी त्याला रंगमहालाचे उदाहरण देईन.

गिलच्या त्रिमित छायाचित्रांकडे वळू. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. तेवढ्याच अंतरावर दोन भिंगे ठेवून दोन चित्रे घ्यायची आणि प्रत्येक डोळ्याला त्याचे त्याचे चित्र दाखवायचे, की मेंदू त्यातून खोली उभी करतो. चार्ल्स व्हीटस्टनने हे तत्त्व १८३८ मध्ये मांडले, आणि १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर घरोघरी त्रिमितदर्शक दिसू लागले. पण या युक्तीला मर्यादा आहे. दोन आणि तीन मीटरवरच्या वस्तूंतला फरक दोन्ही चित्रांत ठळकपणे उमटतो. दोनशे आणि तीनशे मीटरवरच्या वस्तूंतला अगदीच नगण्य. म्हणून टेकडीवरून दूरचा कैलास घेतला तर त्रिमितदर्शकातही तो सपाट पडद्यासारखाच राहणार. खोली हवी असेल तर चौकात उतरावे लागते आणि जवळ काहीतरी ठेवावे लागते: एखादा खांब, दगडी हत्तीची पाठ, ध्वजस्तंभाचा पाया. आज आपण ज्याला ‘अग्रभाग साधून केलेली रचना’ म्हणून नावाजतो, तिची सवय छायाचित्रकारांना लागण्यामागे अशी व्यवहारी भूमिती होती.

पुढचा काळ झटपट सांगून टाकतो. १८८०च्या दशकात कोरड्या काचा आल्या, तंबू गेला, काही सेकंदांचे काम सेकंदाच्या अंशावर आले. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी वेरूळची छायाचित्रे घेतली ती याच नव्या सोयीच्या काळात. बर्जेसचा वेरूळवरचा अहवाल १८८३ साली निघाला आणि पुरातत्त्व खात्याच्या कामात छायाचित्र ही नित्याची गोष्ट झाली.

आता स्वतः सहलीला जाणाऱ्यांसाठी. शिल्पाचे छायाचित्र चांगले येणे न येणे हे नव्वद टक्के प्रकाशाच्या कोनावर असते, असे माझे मत आहे. पृष्ठभागाचा उजेड हा प्रकाशकिरण आणि पृष्ठभागावरचा लंब यांच्यातील कोनाच्या कोसाइनवर ठरतो. समजा, भिंतीवर प्रकाश अगदी समोरून पडतो आहे आणि भिंतीवर १० अंशांचा उतार असलेला एक उंचवटा आहे. त्या उताराचा उजेड कोसाइन १०°, म्हणजे ०·९८५ इतका. सपाट भागापेक्षा दीड टक्काच कमी. डोळ्याला कळणारही नाही. आता तोच प्रकाश भिंतीला घासून, म्हणजे लंबाशी ७५ अंशांनी येऊ द्या. उंचवट्याची प्रकाशाकडची बाजू कोसाइन ६५° म्हणजे ०·४२३, आणि पलीकडची बाजू कोसाइन ८५° म्हणजे ०·०८७. जवळजवळ पाचपट फरक! दगड तोच, उंचवटा तोच. हा प्रयोग वर्गात रुपयाचे नाणे आणि टॉर्च घेऊन खिडक्या बंद करून पाच मिनिटांत होतो. टॉर्च समोरून धरली की नाण्यावरचे सिंह हरवतात, बाजूने आडवी धरली की उठून दिसतात. कॅमेऱ्याचा फ्लॅश शिल्पाचे वाटोळे करतो ते याच कारणाने.

वेरूळ जवळपास २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला दुपारी सूर्य तेथे क्षितिजापासून सुमारे ४६·६ अंशांवर असतो. शंभर फूट उंच कड्याची सावली त्या वेळी ९५ फूट पडेल. २१ मार्चला सूर्य ७० अंशांवर आणि तीच सावली ३६ फूट. २१ मेच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर. सावली जवळजवळ शून्य, आणि उन्हाचे किरण उभ्या भिंतींना वरून खाली घासत जाणारे. सहली बहुधा डिसेंबर-जानेवारीत निघतात, म्हणजे दक्षिणेकडचा कडा चौकाच्या मोठ्या भागावर सावली धरून असतो तेव्हा. पश्चिमेकडच्या दर्शनी भागावर ऊन यायला दुपार टळावी लागते. सकाळी दहाला पोचून अकराला निघणाऱ्या सहलीला कैलासाचा चेहरा उजळलेला कधी दिसतच नाही. वेळापत्रक आखताना आधी बाकीची लेणी आणि शेवटी सोळावे लेणे ठेवले तर बरे.

रावण कैलास हलवतो आहे ते प्रसिद्ध शिल्प मंदिराच्या दक्षिण बाजूला, खालच्या अंगाला आहे. समोर चौकाची अरुंद पट्टी आणि पलीकडे उंच कडा. दिवसाचा मोठा भाग तेथे थेट ऊन नसते. प्रकाश येतो तो वरून, आकाशाच्या फटीतून. शिल्पकाराने आकृत्या इतक्या खोल कोरल्या आहेत की त्या पाठीमागच्या दगडापासून जवळजवळ सुटून आल्या आहेत. वर शिव स्थिर बसलेला, पार्वती घाबरून त्याला बिलगलेली, आणि मागे एक दासी पळत अंधारात शिरते आहे. हा अंधार खराखुरा आहे. तो दगड कोरून मिळवला आहे. वरून येणाऱ्या मंद प्रकाशात खाली रावण सावलीत राहतो. शिल्पकाराला हे ठाऊक होते असेच मी मानतो, कारण ज्याने वरून खाली खोदत आणले त्याला प्रकाश वरून येतो हे कोणी शिकवावे लागत नाही.

म्हणून आजच्या मोबाइलशी माझे भांडण आहे. तो एकाच क्षणी कमीजास्त प्रकाशाची अनेक चित्रे टिपतो आणि ती एकत्र करून सावल्या आपोआप उजळवतो. दासीला गिळणारा अंधार करडा होऊन जातो. शिवाय कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे असावे असे धरून चालतो. बेसाल्ट मुळात काळा. कॅमेरा तो करडा करायला पाहतो आणि सगळे फिकट पडते. पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करावा, दगड पुन्हा दगड दिसू लागतो. आपल्या भाषेने या कलेला ‘छायाचित्र’ असे नाव दिले आहे, ‘प्रकाशचित्र’ नव्हे. ते येथे अगदी चपखल बसते.

दुसरी अडचण उंचीची. चौकात उभे राहून शिखर चित्रात बसवायला कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि मंदिर मागे पडते आहेसे वाटते. जुन्या तिपाईवरच्या कॅमेऱ्यांत यावर सोपा उपाय असे: काच उभीच ठेवायची आणि भिंगाची फळी तेवढी वर सरकवायची. काच भिंतीला समांतर राहिली की उभ्या रेषा समांतरच राहतात. मोबाइलमध्ये फळी नाही. तेव्हा मोबाइल सरळ उभा धरून मागे सरकावे आणि खालचा नको तो भाग नंतर कापून टाकावा. भूमिती तीच आहे.

वरच्या इयत्तांसाठी एक उपक्रम सुचवतो. गिलचे १८६४चे पुस्तक किंवा बर्जेसचा अहवाल यांच्या डिजिटल प्रती आता मिळतात. त्यातले चौकाचे एक छायाचित्र छापून सोबत न्यावे आणि जुना कॅमेरा नेमका कोठे होता ते शोधून काढावे. रीत अशी. चित्रात सुमारे ४५ फूट उंचीच्या ध्वजस्तंभाची कड मागच्या मंदिराच्या कोणत्या खाचेला टेकते ते पाहायचे. जवळची आणि दूरची अशा दोन खुणा चित्रात एकमेकींवर येत असतील, तर कॅमेरा त्या दोघींना जोडणाऱ्या रेषेवर असलाच पाहिजे. अशा खुणांची दुसरी जोडी शोधायची. दोन रेषा जेथे छेदतात ती जागा. मुले डावी-उजवीकडे पाऊल सरकवत ही जागा वीतभर अंतरापर्यंत अचूक शोधू शकतात. तेथून नवे छायाचित्र घेऊन दोन्ही शेजारी ठेवले, की काय झिजले, काय पडले, कोठे डागडुजी झाली, गिलाव्याचा कोणता पांढरा तुकडा नाहीसा झाला, याची यादी मुलांना स्वतः करता येते. कड्याच्या वरून घेतलेले चित्र असेल तर मात्र कठड्याबाहेर पाऊल टाकायचे नाही, आणि जेथे जाण्यास मनाई असेल तेथले चित्र सोडून द्यायचे.

जागा सापडली की वेळही शोधता येते. जुन्या चित्रात पश्चिमेकडच्या भागावर ऊन असेल तर ती दुपारनंतरची वेळ. ध्वजस्तंभाच्या सावलीची लांबी त्याच्या उंचीशी ताडून पाहिली की सूर्याची उंची मिळते, आणि सावलीची दिशा होकायंत्राने मोजली की महिन्याचा अंदाजही येतो. वर्षातून दोन तारखांना सूर्य त्याच वाटेने जातो, त्यामुळे उत्तरे दोन येतील. त्यातली कोणती खरी, हे कड्यावरच्या गवताची वाढ पाहून ठरवता येते का, ते मुलांनाच पाहू द्यावे.